खेकडा प्रवाळ खातो की नाही

आमच्या हौदातले प्रवाळ कोण पाडतंय हे कळेना, तेव्हा पहिला आळ खेकड्यांवर आला. शंखात राहणारे ते बारके खेकडे, बोटाच्या पेराएवढे. ओहोटीच्या वेळी खडकांतून मीच ते वेचून आणले होते, हौदातलं शेवाळ खायला. म्हणजे खरा आळ माझ्यावरच होता.

किनाऱ्यालगत आमचा सिमेंटचा हौद आहे. वर सावलीची जाळी, आत पंपानं आणलेलं समुद्राचं पाणी. प्रवाळाचे तुकडे चकत्यांवर चिकटवायचे, रांगेनं मांडायचे आणि वाढायची वाट बघत बसायचं. दूरदेशीचे लोक ते दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात म्हणे. ठेवू देत. गलुंगानचा सण उरकला की देन्पासार शहरातले व्यापारी सुदियासा माल बघायला येणार होते. माल पसंत पडला तर दर महिन्याला उचलणार होते. नाही पडला तर माझा नवरा गेदे प्रवासी बोटीवर भांडी घासायला जाणार होता. एकदा गेला की नऊ महिने तोंड दिसायचं नाही. एजंटाकडे नाव देऊन झालं होतं, फक्त तब्येतीची तपासणी राहिली होती.

त्यानं जाऊ नये असं मला फार वाटायचं. पण बोलणार कशी? तो येताजाता बोटीचंच कौतुक करायचा. "लुह," तो मला लाडानं म्हणायचा, "तिथं दिवसभर बर्फ मिळतो. आणि नाचगाणी रोजच!" मी म्हणायची, "मग जा की, नाचून ये." तो हसायचा आणि मी वांगी जरा जास्तच जोरात चिरायची.

एका सकाळी चाफ्याजवळच्या कोपऱ्यात पाच-सहा चकत्या उलट्या पडलेल्या दिसल्या. दोन फांद्या मोडल्या होत्या आणि त्यांच्यावर खेकड्यांचा नुसता बाजार भरला होता. एकाच्या पाठीवर दुसरा, त्याच्यावर तिसरा.

"बघ तुझे पाहुणे," गेदे म्हणाला. "जेवायला बसलेत."

"प्रवाळ खात नाहीत ते."

"मग काय, पूजेला जमलेत?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही त्याच कोपऱ्यात तेच. मग मी गावभर विचारत सुटले. शेजारचे पान तिर्ता, म्हणजे तिर्ताचे बाप, यांचा सगळा जन्म समुद्रात बुड्या मारण्यात गेला. ते म्हणाले, "लहान खेकडा प्रवाळ खात नाही गं. धसमुसळा असतो एवढंच. मोठा मात्र उपाशी असला की कशालाही तोंड लावतो." आमचे खेकडे लहान की मोठे? ते म्हणाले, "मधले." गावात मासे विकणारा म्हणाला, निळ्या पायांचे चालतात, लाल पायांचे चालत नाहीत. आमच्यांचे पाय पट्ट्यापट्ट्यांचे. फोनवरच्या एका व्हिडिओत एक गोरा माणूस सापडला. त्यानं आधी खेकडे कसे गुणाचे ते सांगितलं आणि मग आपल्याच पेटीतले खेकडे एकेक करून बाहेर काढले. का काढले ते बोलला नाही. माझं डोकं पार भंजाळून गेलं.

सासूबाईंना, म्हणजे मेमेंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी खेकडे समुद्रात असायचे आणि प्रवाळही समुद्रातच असायचे. त्यांचं ते बघून घ्यायचे. तुम्ही दोघांना एका हौदात कोंडलंत. आता भांडणं सोडवा."

शेवटी गेदे म्हणाला, "काढ ते सगळे." मी काढले, बादलीत भरले आणि पान तिर्तांच्या हौदात नेऊन सोडले. त्यांचे प्रवाळ जुने आणि दांडगे, त्यांना कसली भीती? चकत्या उलटायच्या थांबल्या. गेदेनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो न्यायाधीश आणि मी हरलेली वकिलीण.

पण आठवडाही गेला नसेल, तोच त्याच कोपऱ्यातले प्रवाळ खालून पांढरे पडायला लागले. अंगावर शेंबडासारखा थर धरला. पाण्याला आंबूस वास सुटला. आणि तिकडे पान तिर्तांच्या हौदात तेच खेकडे जावयासारखे शहाणे होऊन बसले होते. एक चकती हलली नाही की एक फांदी मोडली नाही.

आता काय समजायचं? खेकडे होते तेव्हा प्रवाळ पडत होते, खेकडे गेले तर मरायला लागले. सुदियासांचं येणं चार दिवसांवर आलेलं. गेदे बोटीची बॅग काढून झटकायला लागला होता. मला रडू यायचं आणि कुणावर रागवावं तेही कळायचं नाही.

त्या दुपारी मी कंबर वाकवून त्या कोपऱ्यात हात घातला आणि चकत्यांच्या फटीतून चिखल उपसला. नाकाशी धरला. भात! आंबलेला, गिळगिळीत झालेला भात.

तशीच ओल्या हातानं मेमेंकडे गेले. आमच्यात सकाळी भात शिजला की कुणी तोंडात घास घालण्याआधी चुलीला, विहिरीला, दाराला, जे जे पोटाला घालतं त्याला नैवेद्य ठेवतात. केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर चार शितं आणि मिठाचा कण. हौद बांधल्यापासून मेमे हौदालाही ठेवतात.

"मेमे, रागावू नका. तुमचा नैवेद्य पाण्यात पडतोय का हो?"

"माझा?" मेमेंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "लग्न होऊन आले तेव्हापासून ठेवतेय. चार शितं, तीही चिमण्या नेतात. चल, दाखवते."

त्यांनी मला हाताला धरून नेलं. पानाचा तुकडा पंपाच्या बाजूला, पार दुसऱ्या टोकाला होता. कोरडा ठणठणीत.

"चाफ्याकडे कशाला ठेवेन मी?" मेमे म्हणाल्या. "तिथं तुझा नवरा ताट घेऊन बसतो ना हल्ली."

हे खरं होतं. गेले काही दिवस गेदे सकाळचं ताट घेऊन हौदावर जायचा. भातही दुप्पट वाढून घ्यायचा. मला वाटलं, तपासणीसाठी वजन वाढवतोय. आणि हौदावर जातो ते माझं फुगलेलं तोंड बघायला नको म्हणून. ताट तर चाटूनपुसून परत यायचं. मग भात टाकतोय कशाला? माझ्या हातची चव गेली? की पोटात काही दुखतंय आणि लपवतोय? मेमेंना काही बोलले नाही, पण रात्रभर हेच घोळत राहिलं.

सकाळी तो ताट घेऊन निघाला आणि मी चपला हातात घेऊन मागोमाग गेले. पंपाच्या खोलीआड उभी राहिले.

गेदे काठावर बसला. जेवला नाही. त्यानं मागे घराकडे एकदा पाहिलं, मग ताटातला भात मूठभर घेतला आणि सरळ पाण्यात सोडला. पान नाही, मीठ नाही. वर आणखी एक मूठ. घरात नैवेद्य ठेवायचं काम बायकांचं. त्यानं ते आयुष्यभर लांबून पाहिलेलं, त्यामुळे असंच करतात असं त्याला वाटलं असावं. मग चाफ्याचं एक फूल बोटांच्या टोकात धरून दोन्ही हात कपाळापर्यंत नेले आणि डोळे मिटून म्हणाला,

"ठेव मला इथंच. बोटीवर नको. तिथं मी मरेन."

बर्फ, नाचगाणी... आणि हा माणूस रोज सकाळी स्वतःच्या ताटातला घास काढून हौदाला विनवत होता. त्या भातावर खेकडे तुटून पडत होते आणि आपण शिव्या देत होतो खेकड्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी! हसावं की रडावं ते मला कळेना. माझ्या हातातली चप्पल खाली पडली.

तो दचकला. कान लाल झाले.

"कधीपासून उभी आहेस?"

"पहिल्या मुठीपासून." मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि एरवीची लाडाची हाक मारली. "ब्ली, नैवेद्य चार शितांचा असतो. पानावर ठेवतात. तू सगळ्या हौदाला जेवण घातलंस. खेकडे होते तोवर त्यांनी खाल्लं, ते गेल्यावर भात सडला."

त्यानं पाण्याकडे पाहिलं, पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा मला बघवेना.

"म्हणजे मीच?"

"कोपरा गेला. बाकीचा हौद ठीक आहे. पाणी बदलू, खेकडे परत आणू."

 मला राहवलं नाही. "जायचं नव्हतं तर मला सांगायचं होतंस. हौदाला काय सांगत बसलास?"

"तुला सांगितलं असतं तर तू जाऊ नको म्हणाली असतीस."

"मग?"

"मग जावंच लागलं असतं तर माझा पाय निघाला नसता."

 मी वाकून त्या आंबूस पाण्यातली शितं वेचायला लागले. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. एजंट. तपासणीला कधी येता ते विचारायला. गेदेचा हात भातानं बरबटलेला. त्यानं दुसऱ्या हातानं फोन काढला, नाव बघितलं आणि माझ्यापुढे धरला.

"तू सांग."

काय सांगू? सुदियासांना कोपरा दिसणारच होता. ते नाही म्हणाले तर? छप्पर कशानं शाकारायचं, मेमेंचं औषध कुठून आणायचं? आणि हो म्हणाले तर बोट हातची गेली म्हणून तो कधी मला बोल लावेल का? काहीच कळत नव्हतं. खेकडा प्रवाळ खातो की नाही एवढंसुद्धा मला नीट कळलं नव्हतं. फोन वाजतच होता.

मी तो कानाला लावला.

"तो जेवतोय," मी म्हटलं. "हो, इथंच. उद्याही इथंच जेवणार आहे."