दाराजवळची जागा

"इलियासचाचा, तुमी पुढं बसा ना. आज तर तुमचाच दिवस हाय," मुदस्सिर म्हणाला.

"मला हितंच बरं," म्हणत इलियास दारात, चपलांच्या शेजारी टेकला.

दोह्यात, अल मुंतझा भागातल्या त्याच्याच घरी जुम्म्याच्या नमाजानंतर मायदेशातल्या गावच्या मोहल्ल्याची जमात भरली होती. दोह्यातल्या मंडळींचा अध्यक्ष निवडायचा होता. किराणा दुकानात उभा जन्म काढलेल्या इलियासला ही खुर्ची मनापासून हवी होती, आणि तो ते लपवतही नव्हता.

दारात बसायची रीत त्याच्या पणजोबांची. अब्बासमिया इंग्रजी अमदानीत गलबतातून तांदूळ आणि कौलं आणत. तालुका बोर्डावर निवडूनही आले. आत यायला बिचकणाऱ्याचं म्हणणं दारातच ऐकू येतं, असं ते सांगत. बोर्डाकडून त्यांनी विहीर आणली, ती मोहल्ला आणि कुणबीवाडीच्या मधोमध खोदली. मोहल्ला असा बिथरला की पुढच्या निवडणुकीत त्यांना घरी बसवलं. विहिरीचं पाणी मात्र आजही दोन्हीकडचे पितात.

आता जमात गावाला पाण्याची टाकी देणार होती. मशिदीमागे, हे जवळजवळ ठरलंच होतं.

बाहेर जिन्यात जालिंदर उभा होता. कुणबीवाडीचा, दोह्यात एसी दुरुस्त करायचा. जमातीत त्याला मत नव्हतं. "चाचा, टाकी तिकडं झाली तर नळ आमच्यापर्यंत येल का ओ?" त्यानं हळूच विचारलं.

नुसतं गप्प बसलं तरी खुर्ची त्याचीच होती. तो उठला.

"टाकी विहिरीपाशी बांधायची. पटत नसंल तर मला मत देऊ नका."

"चाचा, खलास. निवडून आल्यातच जमा होतात, आता पडलात," कोणीतरी हसलं.

आणि तसंच झालं. कोणीतरी मुदस्सिरचं नाव सुचवलं, आणि हात वर झाले ते लुसैलच्या ऑफिसात काम करणाऱ्या या तरुणासाठी. इलियासला वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं. पण घर त्याचं होतं, पाहुण्यांना जेवू घालायचं होतं. तो स्वयंपाकघरात गेला.

थाळा घेऊन बाहेर आला तेव्हा लोक मुदस्सिरला पुढे बोलावत होते. मुदस्सिर उठला तो थेट दाराशी गेला. चपला सरकवून त्यानं मांडी घातली.

"जालिंदर, आत ये. मीपण त्याच विहिरीचं पाणी प्यायलोय. टाकीला तिथं जागा कुठं हाय, सांग."

जालिंदर आत येऊन टेकला. इलियासनं थाळा तिघांच्या मध्ये ठेवला आणि दारातल्या आपल्या जागेवर बसला.