साऱ्या जगाचे फोटो

मित्रांनो, माझ्या अंगावरचं रबर आता जागोजागी सुटत आलं आहे. भिंगाच्या एका कडेला बुरशीचा बारीक धागा पसरला आहे. बटण एकदा दाबून मी जागा होत नाही, दोनदा दाबावं लागतं. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत, वरच्या मजल्यावरच्या कपाटात मी राहतो. मी श्याम आणि चारुलता यांचा कॅमेरा. किती देशांमधले चेहरे माझ्यातून गेले, पण त्यात या गावचा चेहरा शोधून सापडायचा नाही.

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. निळे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे स्क्रू बसवले. शेवटच्या मुलीने मला डोळ्याला लावून पाहिलं, खोक्यात ठेवलं आणि ती पुढचा कॅमेरा उचलायला वळली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आम्हा कॅमेऱ्यांना चटकन काही वाटत नाही. समोर येईल ते घ्यायचं आणि जपून ठेवायचं, एवढंच आम्हाला येतं.

पिंपरीच्या बाजारातल्या एका दुकानातून श्यामने मला घरी आणलं. तो चाकणला, गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत, तपासणी विभागात इंजिनिअर आहे. सकाळी नाशिक फाट्यावर कंपनीची बस पकडायची, दिवसभर गिअरच्या दातांवरचे ओरखडे शोधायचे आणि संध्याकाळी परत यायचं, असं त्याचं काम. त्याची बायको चारुलता कासारवाडीच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. ती पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातली. तिच्या माहेरच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत तळमजल्यावर तिची आई रुक्मिणीबाई राहते. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की मुलगी अबोली आजीकडे जायची आणि ही दोघं परदेशी निघायची.

श्यामला किल्ले, देवळं, समुद्र यांचे फोटो नको असत. ते नेटवर हवे तेवढे मिळतात, असं तो म्हणायचा. त्याला तिथली माणसं हवी असत.

आमचा पहिला प्रवास श्रीलंकेचा. तिथल्या एका बाजारात श्यामने नारळवाल्याला उभं केलं, उजेड पाहिला, फोकस जुळवला आणि फोटो काढला. मी माझं काम चोख केलं. नारळवाल्याच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट आला. पण तो माणूस असा ताठ उभा होता, की जणू पोलिसांनी बोलावून घेतलं असावं. पुढचे सगळे फोटो तसेच निघाले. हॉटेलात परतल्यावर श्याम ते मोठे करकरून पाहू लागला. फोकस बरोबर आहे, उजेड बरोबर आहे, मग बिघडतंय कुठे, हे त्याला कळेना.

चारुलता केस विंचरत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना तपासताय."

दुसऱ्या दिवसापासून तिने ते काम अंगावर घेतलं. घरच्या स्वयंपाकघरातल्या चंदेरी फॉइलचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून तिने उजेड पाडायची पाटी केली होती. ती पाटी हातात धरून ती श्यामच्या शेजारी उभी राहायची आणि समोरच्या माणसाशी चक्क मराठीत बोलायची. तिला त्यांची भाषा येत नसे, त्यांना तिची. तरी ती विचारायची, तुमची मुलं किती, हा मासा कसा शिजवता, गुडघे दुखतात का. माणसं आधी बुचकळ्यात पडत आणि मग आपल्या भाषेत उत्तरं देऊ लागत. दहा मिनिटांत तिला समोरच्याचं नाव कळलेलं असायचं. श्यामकडे चेहरे जमत गेले आणि तिच्याकडे नावं.

व्हिएतनाममधली एक गोष्ट सांगतो. एका बाजारात एक म्हातारी खाली बसून वाटीतून काहीतरी खात होती. चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, डोक्यावर गवताची टोपी. श्यामने लांबचं भिंग लावलं आणि न विचारताच फोटो काढला. म्हातारीला ते कळलं. तिने वाटी खाली ठेवली आणि टोपीने तोंड झाकून घेतलं. चारुलता तिच्याकडे गेली, शेजारी बसली, हात जोडले. मग परत येऊन हळू आवाजात म्हणाली, "आधी तो पुसा. तुमच्या आईचा कुणी जेवताना असा काढला असता, तर चाललं असतं तुम्हाला?"

श्यामने फोटो पुसला. खरं सांगायचं तर तो माझ्या चांगल्या फोटोंपैकी होता. त्या दिवसापासून दोघांचा नियम ठरला. आधी विचारायचं, आणि नको म्हटलं तर नमस्कार करून पुढे जायचं.

एकदा श्यामने तिलाही विचारलं होतं. आर्मेनियातल्या एका घाटात गाडी थांबली होती आणि तिच्या गालावर छान ऊन पडलं होतं. "उभी राहा जरा," तो म्हणाला.

"माझा कशाला? मी रोजचीच आहे," ती म्हणाली आणि रस्त्यापलीकडच्या मधवाल्याकडे बोट दाखवलं. "त्याचा काढा. तो काही पुन्हा दिसायचा नाही."

नियम सगळ्यांना सारखा. श्यामने आग्रह केला नाही आणि मी मधवाल्याकडे वळलो.

माझे ते भरभराटीचे दिवस होते. सोसायटीच्या गणेशोत्सवात एका वर्षी हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन लागलं. लोक श्यामचा हात हातात घेऊन कौतुक करत होते. कुणी मलाही टेबलावर ठेवून माझा फोटो काढला. कुठल्या कॅमेऱ्याने काढले, असं जो तो विचारत होता. पलीकडे चारुलता मुलांना घेऊन एकेका चित्रापुढे उभी होती, हिला जुळे नातू आहेत, ह्याची बोट परवाच बुडाली होती, असं सांगत. तिचं कुणी फारसं ऐकत नव्हतं. मुलं मात्र ऐकत होती.

गेल्या पावसाळ्यात चारुलताला ताप आला. साधा वाटला. ती घरीच पडून होती, शाळेच्या वह्याही तपासत होती. मग अचानक तिला उठवेना, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. आठवडाही झाला नाही आणि ती गेली.

मी कपाटात होतो. दार उघडलं तेव्हा मला वाटलं, निघायचं असेल. श्यामचा मेहुणा जयदीप आत वाकून फोटो शोधत होता. दिवसकार्यासाठी चारुलताचा एक मोठा फोटो हवा होता. लग्नाच्या अल्बममध्ये ती होती, पण तेव्हाची, ओळखू न येण्याइतकी कोवळी. शाळेच्या फोटोत ती मुख्याध्यापकांच्या खांद्यामागे अर्धी. मोबाइलवर अबोलीचे शेकडो फोटो होते, कारण मोबाइल नेहमी चारुलताच्या हातात असायचा. लोकांच्या लग्नातल्या घोळक्यांत ती मागे कुठेतरी बोटाएवढी दिसायची. शेवटी जयदीपने तिचं आधार कार्ड नेलं आणि त्यावरचा फोटो मोठा करून, चौकट घालून आणला.

तेराव्याला तो फोटो हॉलमध्ये, माझ्या कपाटासमोरच, पाटावर होता. कार्डावरचा चेहरा ताणून मोठा केलेला, ओठ मिटलेले, डोळे कुठेच न बघणारे. रुक्मिणीबाई त्याच्यापुढे बराच वेळ बसून राहिली. रडून झालं होतं तिचं. मग ती म्हणाली, "ही माझी चारू न्हाई. ही सरकारची हाय."

तिने मान वळवून श्यामकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "साऱ्या जगाचं फोटो काढलंत तुमी, जावईबापू. माझ्या लेकीचा येक न्हाई?"

"नाही," श्याम म्हणाला. कंपनीत कुणी विचारावं, अमुक माल आला का, तसं त्याने ते सांगितलं.

त्यानंतरचे महिने मला नीट सांगता येणार नाहीत, कारण त्यात काही घडलंच नाही. श्याम सकाळी कंपनीच्या बसने जायचा, संध्याकाळी यायचा. दूध आणायचा, गॅसचा नंबर लावायचा, गिझरही आठवणीने बंद करायचा. अबोलीने केलेली आमटी खारट झाली तरी खायचा आणि अळणी झाली तरी खायचा. कंपनीत त्याच्या हातून एकही चूक झाली नाही, असं तो कुणाला तरी फोनवर सांगत होता. तो रडला नाही. माझी बॅटरी उतरली, माझ्यातलं घड्याळ थांबलं, भिंगावर बुरशी धरली. मला त्याचंही काही वाटलं नाही. आम्ही दोघं त्या घरात सारखेच होतो. समोर येईल ते घेत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी अबोलीने कपाट उघडलं. जुन्या फोटोंची डिस्क लॅपटॉपला लावली आणि बापाला हाक मारली. आई कुठेतरी चुकून आली असेल, आपण सगळे फोटो बघू, असं ती म्हणाली. श्याम येऊन बसला. मला त्यांनी टेबलावर चार्जिंगला लावलं होतं.

श्रीलंकेपासून सुरुवात झाली. एका फोटोच्या कडेला चंदेरी पाटीचा कोपरा होता. एकात बांगडी घातलेलं मनगट. एकात जमिनीवर दोन सावल्या, एक श्यामची आणि एक पदर वाऱ्यावर उडणारी. एका फोटोत तिची चप्पल होती. अबोली प्रत्येक तुकडा मोठा करून पाहत होती. चेहरा कुठेच नव्हता. चहा गार झाला. मग ती एकाएकी थांबली आणि भराभर मागे जाऊ लागली.

"बाबा, हे सगळे बघतायत कुठे?"

श्याम पुढे वाकला. मधवाला, कोळी, चहाच्या मळ्यातल्या बाया, सायकलवाला. पहिल्या दिवसाचे फोटो सोडले, तर एकाचीही नजर भिंगात नव्हती. सगळे जरा बाजूला बघत होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमलत होतं. गणेशोत्सवात शेकडो लोकांनी हे फोटो पाहिले, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ओरखडे शोधण्यात आयुष्य घालवलेल्या श्यामच्याही नाही.

"तुझ्या आईकडे," तो म्हणाला.

मग ते पुन्हा पहिल्यापासून बसले. आता ते चारुलताला शोधत नव्हते, तिच्याकडे बघणाऱ्यांना बघत होते. समरकंदच्या बाजारातल्या रोटीवालीपाशी श्यामने अबोलीचा हात धरून तिला थांबवलं. त्या बाईचं नाव चारुलताने सांगितलं होतं, गुलनोरा. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पुढचे दात सोन्याचे. चारुलता तिला भाकरी कशी थापतात ते समजावत होती. शब्द संपले तेव्हा तिने पाटी खाली ठेवली आणि भर बाजारात हवेतच दोन्ही हातांनी भाकरी थापली, फिरवली, तव्यावर टाकली आणि बोट भाजल्यासारखं झटकलं. गुलनोरा पोट धरून हसली. पिठाच्या हाताने डोळे पुसले, तर गालाला पीठ लागलं. त्याच क्षणी श्यामने बटण दाबलं होतं.

पुढच्या रविवारी त्याने तो फोटो मोठा छापून घेतला आणि अबोलीला घेऊन पिंपळे गुरवला गेला. मीही पिशवीत होतो. आजीचा तरी एक चांगला फोटो काढा, असं अबोलीने बजावलं होतं.

रुक्मिणीबाईने फोटो मांडीवर घेतला. ही कोण, असं तिने विचारलं. श्यामने सांगितलं, सगळं, भाकरीसकट. इतक्या महिन्यांत त्याला सलग एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता त्यानेही हात पुढे करून हवेत भाकरी थापून दाखवली आणि मध्येच त्याचे हात थांबले.

रुक्मिणीबाईने त्या बाईच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं. "आन ही बघतीया ती चारूकडं?"

"हो, आई. ती इथे उभी होती." श्यामने फोटोच्या चौकटीबाहेर, रिकाम्या जागी बोट ठेवलं.

"लई हसवलंय हिला," रुक्मिणीबाई म्हणाली.

तिने खिळा आणि हातोडा काढून दिला. तेराव्यानंतर तिच्या भिंतीवर लागलेला सरकारी फोटो तिने काढू दिला नाही, पण त्याच्या शेजारी हा लावून घेतला. मग श्यामला जेवायला वाढलं. त्याने एक भाकरी खाल्ली आणि आणखी एक मागितली.

तेवढ्यात शेजारच्या मंजुळाबाई ताकाचं भांडं परत करायला आल्या. भिंतीवरची सोन्याच्या दातांची परदेशी बाई पाहून त्या दारातच थबकल्या आणि ही कोण म्हणून विचारू लागल्या.

"चारूच्या वळखीची हाय," रुक्मिणीबाई म्हणाली.

जेवण झाल्यावर श्यामने मला पिशवीतून काढलं आणि आई, तुमचा एक काढू का, असं विचारलं. तिने मान हलवली. "आज नगं," म्हणाली. श्यामने माझ्या भिंगावर झाकण लावलं आणि मला परत ठेवून दिलं.

आता दर रविवारी तो मला पिंपळे गुरवला नेतो आणि विचारतो. तिने अजून हो म्हटलेलं नाही. तो मात्र माझी काच पुसून, बॅटरी भरून तयार ठेवतो.

मित्रांनो, माझ्यासारखे कॅमेरे आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहेत. लांबच्या देशी जा, तिथली माणसं बघा, त्यांचे फोटो काढा. पण तुमच्या घरात असं एक माणूस असतं, जे कधीच फोटोत नसतं. त्याला एकदा उभं करा. आधी विचारा. ते नको म्हणेल, मी रोजचंच आहे म्हणेल. त्याचं ऐका, आग्रह करू नका. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.