विम्याला न चाललेलं नाव

शेलारांच्या घरात सून आली की तिचं नाव बदलायचं, ही रीत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, की माहेरचं नाव संपलं. वेणूबाई स्वतः गंगू म्हणून बेलवलीत आल्या, वेणू झाल्या आणि पन्नास वर्षांत त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हा अक्षदाची संजीवनी झाली यात नवल नव्हतं.

घोळ झाला तो लग्न नोंदवताना. गावचा ग्रामसेवक नात्यातला. मांडवातच कागद घेऊन बसला आणि म्हणाला, "वधूचं नाव?" मुलगा सुयोग फोटोवाल्याच्या तावडीत, सून पाहुण्यांच्या. उत्तर दिलं वेणूबाईंनी.

"संजीवनी लिही. दुसऱ्या नावाची सून आमच्याकडे आलेलीच नाही."

त्याने लिहिलं. पासपोर्ट बघायचं कुणाला सुचलं नाही. जोडपं जर्मनीला गेलं. सुयोग तिथे नोकरीला, सून तिथेच शिकायला. दाखला आठ महिने बॅगेत पडून राहिला.

मग एका रविवारी फोनच्या पडद्यावर सुनेचं उतरलेलं तोंड दिसलं.

"आई, शिक्षण संपलं, म्हणून माझा विमा महिनाअखेर बंद होतोय. ह्यांच्या विम्यात माझं नाव घालायचं तर ते लोक विचारतात, पासपोर्टवर अक्षदा आणि दाखल्यावर संजीवनी, मग ही तुमची बायको कशावरून?"

"कशावरून म्हणजे? लग्न मी लावलंय. माझा नंबर दे त्यांना."

"त्यांना मराठी येत नाही, आई."

"मग विमे कसले काढतात!"

सून हसली नाही. "मला चौथा महिना लागलाय. विमा नसला तर इथे तपासणीचा खर्च झेपायचा नाही."

सुयोगने ग्रामसेवकाला विचारून ठेवलं होतं. नाव ज्यांनी सांगितलं त्यांनीच प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, मग दाखला दुरुस्त होईल.

दुसऱ्या दिवशी वेणूबाईंचे यजमान आण्णा त्यांना अंबरनाथ पूर्वेला घेऊन गेले. तिथे हिमानी वकील नोटरीचं टेबल मांडून बसायची. उल्हासनगरची सिंधी पोरगी, जिभेने चटपटीत. तिने कागद टाइप केला आणि पुढे सरकवला. वेणूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. ओळीवर बोट फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"हे 'माझ्या चुकीमुळे' काढ. 'रीतीप्रमाणे' घाल."

"माई, सरकारला रीत नाही कळत. चूक असेल तर दुरुस्ती होते. गलतीच नाही, तो करेक्शन किसका?"

आण्णा म्हणाले, "अगं, कर सही. कोण बघतंय?"

"तुम्ही गप्प बसा. पन्नास वर्षांत तुमच्यापुढे चुकले म्हटलं नाही, ते ह्या कागदापुढे म्हणू?"

"कागदापुढेच म्हण. तो उलटून बोलत नाही."

शेजारच्या टेबलावरची दोन माणसं मान वळवून ऐकायला लागली. वेणूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी माना खाली घातल्या. मग बाईंनी बोटांवर दिवस मोजले. महिना संपायला अकरा दिवस होते आणि हा कागद अजून ग्रामपंचायतीत जायचा होता, तिथून जर्मनीला.

"वाच," त्या हिमानीला म्हणाल्या. "मोठ्याने वाच. लपूनछपून सही करणारी बाई नाही मी."

हिमानीने वाचलं. 'माझ्या चुकीमुळे'पाशी तिचा आवाज जरा बारीक झाला.

"मोठ्याने म्हटलं ना!"

तिने ते दोन शब्द पुन्हा मोठ्याने वाचले. वेणूबाईंनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

बाहेर येऊन त्यांनी आण्णांकडून सुनेला फोन लावून घेतला.

"झालं तुझं काम. तपासणीची तारीख घे."

"आई, काय लिहून दिलंत?"

"त्यांना हवं होतं ते. विम्यात तू अक्षदा. बेलवलीत आलीस की संजीवनीच, आधीच सांगते."

"चालेल, आई."

"चालेल काय, चालवावंच लागेल," म्हणून त्यांनी फोन आण्णांच्या हातात दिला आणि रिक्षाला हात केला.