खालची पट्टी

एकाच अंगात तीन माणसं नांदवणं सोपं नसतं. बंधूच्या अंगात एक गाणी लिहिणारा होता, एक ती रेकॉर्ड करून नटवणारा होता, आणि तिसरा बिचारा ती स्टेजवर गाणारा. पहिले दोघे काय वाटेल ते करून ठेवायचे, निस्तरायला तिसरा.

त्याच्या गाजलेल्या गाण्याचंच बघा. लिहिणाऱ्याने ते पलंगाच्या कडेला बसून, शेजारी तान्हं मूल झोपलेलं असताना, पुटपुटत केलं. स्टुडिओत नटवणाऱ्याला ते मिळमिळीत वाटलं. त्याने पट्टी पार वर नेली. शेवटची ओळ अशी चढली की अंगावर काटा यावा. गाणं धो धो चाललं. पण गळा देवाने उसना दिलेला, तो हळूहळू परत मागू लागला.

मग बंधूने युक्ती काढली. ती ओळ आली की माइक लोकांपुढे धरायचा. लोक बेंबीच्या देठापासून ओरडायचे आणि हा डोळे मिटून भारावल्यासारखा उभा. भारावलेला कसला, दम खात असायचा.

आज एका कंपनीचा वर्धापनदिन होता. भर दुपारी, पडदे ओढून अंधार केलेल्या सभागृहात.

"सगळी तरुण पोरं आहेत रे," सामान उतरवताना ताई म्हणाली. तारखा घेणं, गाडी चालवणं आणि धाकट्या भावाला रागावणं, तिन्ही खाती तिच्याकडे. "त्यांना तुझं गाणं माहीत तरी असेल का?"

"नसेल तर होईल."

"पट्टी उतरवू का?" कीबोर्डवाल्या मामांनी विचारलं. ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळ्यांचे होते. "एक बटण तर दाबायचंय."

"लोक म्हणतील, गळा गेला."

"गेलाय की."

"ते आपल्यातच राहू द्या, मामा."

गाणं सुरू झालं. पाय दुखत होते, हसू सवयीने येत होतं. ओळ आली. त्याने माइक पुढे केला, डोळे मिटले.

काहीच नाही. कुणीतरी शिंकलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी पुढे वाकली आणि संकोचून माइकमध्ये म्हणाली, "हॅलो?"

बंधूने डोळे उघडले. सगळी पोरं सभ्यपणे माइककडे बघत होती. वरच्या पट्टीत ओळ घेतली तर आवाज फाटणार, आणि सोडून दिली तर पुन्हा स्टेजवर चढायला तोंड उरणार नाही, हे त्याला लख्ख कळलं.

"मामा, थांबवा." वाद्यं थांबली. "उतरवा."

"किती?"

"लिहिलं होतं तिथवर."

तो स्टेजच्या कडेला बसला आणि पुटपुटल्यासारखं म्हणाला, "थांब जरा, माझी सावली मागे राहिली." कुणी मोबाइल उंचावले नाहीत, कुणी नाचलं नाही. कुजबुज तेवढी थांबली. टाळ्या पडल्या, त्याही बेताच्या.

मागच्या बोळात ताई वायर गुंडाळत होती. "सावली म्हणतोस होय तू तिथे?"

"मग?"

"मी आजवर चावी समजत होते. माझी चावी मागे राहिली."

"चावी? गाण्यात चावी कशाला येईल, ताई?"

"तुझी रोज राहते! मला वाटलं, अनुभवाचं गाणं आहे."

"मीही चावीच वाजवत आलोय," मामा म्हणाले. "आणि लोक तर चावी चावी करून घसा फोडायचे. तू मेला डोळे मिटून."

बंधू स्पीकरच्या खोक्यावर बसला. हसावं की काय करावं, त्याला कळेना. इतक्या वर्षांचा शीण एकदम पाठीत उतरला.

"आयोजक विचारत होते," ताई जरा मऊ होत म्हणाली, "पुढच्या वेळी मूळ पट्टीत गाणार ना?"

"हीच मूळ आहे म्हणावं."

"आणि तारीख रद्द केली त्यांनी तर?"

"तर घरी बसू. तूही जरा बसशील." तो उठला आणि खोक्याची एक कड धरली. "मामा, उचला तिकडून. हळू."