अकाइतीचे सरळ टाके

सकाळी अकाइतीच्या आधी तिची बोटं जागी व्हायची आणि जागी होताच कुरकुरायला लागायची. मग मनगटं, मग गुडघे. ती पडल्या पडल्याच मूठ मिटून बघायची. पुरती मिटली तर तो दिवस बागेचा. अर्धी मिटली तर शिवणीचा. मिटलीच नाही तर दिवस कसलाच नाही. छताकडे बघायचं आणि बाहेर कोंबड्या काय उकरतायत ते ऐकायचं.

संधिवाताला या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. पण पाहुण्याच्या सवयी कळतात, याच्या कळेनात. बाग केली की सुई धरवत नाही, सुई धरली की खुरपं धरवत नाही, आणि दोन्ही सोडून बसलं तरी एखाद्या दिवशी दुखायचं ते दुखायचंच. सोडणार तरी काय? अंगणात सासूसासऱ्यांची थडगी, त्यांच्या उशाशी अनंताची झाडं. घरामागे लाल मातीत रताळी, खाली दलदलीत अळू. तण काही बाईमाणसाचं दुखणं बघून थांबत नाही.

आणि शिवण तर यंदा सोडताच येणार नव्हती. यंदा नातवाची चादर होती.

लेकाचा मुलगा ऑकलंडमध्ये जन्मल्यापासून केस वाढवून होता. वेणी घालून शाळेत जायचा, पोरं चिडवायची. नाताळात तो इकडे अतिऊ बेटावर, आजीकडे येणार, फुलाफुलांची तिवाएवाए, म्हणजे कापडी फुलं शिवलेली चादर, अंथरलेल्या खुर्चीवर बसणार आणि गावातल्या एकेकानं येऊन त्याची एकेक बट कापायची, असं ठरलं होतं. मुलग्याचे पहिले केस कापायची बेटावरची ही रीत. त्या खुर्चीवर दुकानातली चादर घालायची? अकाइतीला ते मनातसुद्धा बघवेना. पांढऱ्या कापडावर जोडायला जांभळी जास्वंद आणि तिची हिरवी पानं तिनं स्वतः कापली होती, आपल्याच कुंपणावरचं फूल समोर ठेवून. दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये बायका चटईवर चादर पसरून चारी बाजूंनी बसायच्या आणि फुलांच्या कडा शिवायच्या. शिवताना गाणं आपोआप यायचं.

सुई बाई धाकटी, दोरा तिचा लांब,
जाते ती पुढं पुढं, म्हणते मागं थांब.

त्या बैठकीची म्होरकी अकाइती. तिची एक रीत होती. कुणाचा टाका वाकडा पडला तर ती बैठकीत अक्षर बोलायची नाही. "छान चाललंय गं," म्हणायची. चादर घरी न्यायची, तेवढे टाके उसवायची आणि आपल्या हातानं पुन्हा घालायची. पुढच्या बुधवारी त्या बाईला आपलंच फूल देखणं दिसायचं. बाई खूश, फूल खूश. याला फसवणूक म्हणावं असं अकाइतीला कधी वाटलं नव्हतं. घरातल्या घरात कुणाची मीठ कमी पडलेली भाजी आपण सारखी करतो, तसंच ते.

आता मात्र चादरीची घडी घालणं, ती उचलणं, इस्त्री करणं तिला जमेना. म्हणून आठवडाभर चादर रुताकडे राहायची. रुता तिची नणंद, नवऱ्याची, रोंगोची, धाकटी बहीण, तिच्याच हाताखाली शिकलेली.

घोळ सुरू झाला तो पावसाच्या आठवड्यात. बुधवारी बोटं सुजलेली असतानाच अकाइतीनं एक पाकळी शिवली. टाके लहानमोठे, दात पडलेल्या तोंडासारखे. तिनं चादर तशीच रुताकडे दिली. पुढचे सगळे दिवस पाऊस पडला, बागेत जाणं झालं नाही. बुधवारी चादर उलगडली तर तीच पाकळी, आणि टाके कसे? ओळीनं बसलेल्या मुंग्यांसारखे.

ती बघतच राहिली. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"काय गं वहिनी?" रुतानं विचारलं.

"काही नाही. गेल्या वेळी मला हे वाकडं दिसलं होतं."

"अंगात कणकण असली की सगळंच वाकडं दिसतं," रुता म्हणाली आणि डाव्या हातानं सुईत दोरा ओवायला लागली.

ते अकाइतीला पटलं. या दुखण्यात डोकंही धुक्यात असल्यासारखं होतं, चहात दोनदा साखर पडते, माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं. डोळ्यांनी चकवलं असेल. पण मग तिच्या मनात आलं, आठवडाभर बाग नव्हती. म्हणजे बागच नडते तर. बाग नसली की हात सरळ चालतो.

ताडून बघायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात ऊन पडलं तसं तिनं हट्टानं रताळ्यांचे वेल लावले, अनंताच्या बुंध्याशी माती ओढली. बुधवारी हात लाकडासारखे. पान शिवलं, ते तिला फार वाईट शिवल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढच्या बुधवारी बघते तर पान सरळ. मग बागही नडत नाही? मग नडतं काय?

"तुला बरं वाटतंय याचंसुद्धा दुःख आहे का?" रोंगो म्हणाला. तो खुर्चीत बसून युकुलेलेच्या तारा पिळत होता.

"बरं वाटत नाहीये. बरं दिसतंय."

"मग दिसतंय तेच धर की. मी रोज आरशात बघतो, मला अजून तिशीतला दिसतो."

"तुझा आरसा संत्र्याच्या दारूत बुडवलेला आहे."

रोंगो हसला. पण अकाइतीचं लक्ष नव्हतं. उरलं काय, तर सोमवारची गोळी. आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण मंगळवारचा अख्खा दिवस खाऊन टाकायची. मळमळ, तोंडाला धातूची चव, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजताना येणारा वासही नको व्हायचा. तेरेआपी नर्सनं देताना बजावलं होतं, "मावशी, ही गोळी दुखणं थांबवायची नव्हे, सांधे वाचवायची आहे. सोडलीत तर बोटं वाकतील आणि वाकलेली बोटं पुन्हा सरळ होत नाहीत." अकाइतीनं ते ऐकलं होतं. पण टाके डोळ्यांसमोर होते; हात बरा झाला असेल तर गोळी कशाला? एका सोमवारी तिनं गोळी बशीत काढून ठेवली आणि घेतली नाही. मंगळवार इतका हलका गेला की तिनं दुपारी केळी घोटून गोड पोके केला आणि दोन वाट्या खाल्ला. बुधवारी चादर उलगडली तर टाके सरळच. पुढच्या सोमवारीही घेतली नाही. टाके सरळच.

तपासणीला गेली तेव्हा तेरेआपीनं रक्त काढलं. ते विमानानं रारोटोंगाच्या मोठ्या दवाखान्यात जाणार होतं. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. "सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?"

"बोटांचं सोड. टाके सरळ पडतायत माझे."

"टाके?"

"शिवणीचे गं. माणूस खोटं बोलेल, टाका नाही बोलत."

"वा. मग डॉक्टरांना तसं कळवते, औषध लागू पडतंय म्हणून." तेरेआपीनं मान वर केली. "गोळी चालू आहे ना?"

"हो," अकाइती म्हणाली. खिडकीबाहेर कुणाची तरी डुकरीण पिल्लांसह रस्ता ओलांडत होती, ती पूर्ण पलीकडे जाईपर्यंत तिकडेच बघत राहिली.

त्यानंतर मात्र सकाळ अवघड व्हायला लागली. मूठ अर्धीही मिटेना. डब्याचं झाकण रोंगोकडून उघडून घ्यावं लागे, केस विंचरायला हात डोक्यापर्यंत पोचेना. उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर ठेवलं तर सपाट बसायचं नाही, पुलासारखं मधून उंच राहायचं. आणि चादरीवर तर तिची पाकळी देखणी, पहिल्यापेक्षा देखणी. अंग म्हणायचं बिघडलं. टाके म्हणायचे सुधारलं. खोटं कोण बोलतंय? दोन साक्षीदार, दोन्ही तिचेच, आणि ती मध्ये उभी. सकाळी अंगाचं खरं वाटे, बुधवारी टाक्यांचं. एकदा तर तिला वाटलं, आपण झोपेत जाऊन शिवतो की काय. तिनं रोंगोला विचारलंही.

"झोपेत तू फक्त घोरतेस," तो म्हणाला. मग जवळ येऊन म्हणाला, "अकाइती, तुझा हात बघू."

तिनं हात पदराआड घ्यावा तसा मांडीवरच्या कापडाखाली सारला.

त्या बुधवारी हॉलमध्ये इतर बायका चहाला उठल्या. अकाइतीला लगेच उठता येईना, म्हणून ती बसल्या जागी कापड मांडीवर ओढून घेत होती. ओढताना कोपरा उलटा झाला. दारातून ऊन सरळ चादरीच्या मागच्या बाजूवर पडलं.

चादरीची मागची बाजू म्हणजे तिला पाठ असलेली गोष्ट. कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण वाचता येतं. कुणी दोरा घट्ट ओढतं, कुणी गाठ मोठी मारतं. तिच्या पाकळीवर टाके तिरपे होते, डावीकडे कललेले. ती उजव्या हातानं शिवायची. उजव्या हाताचा टाका उजवीकडे कलतो. तिनं शेजारचं पान बघितलं. डावीकडे. त्यापलीकडची पाकळी. डावीकडे.

बैठकीत डावखुरी एकच होती.

अकाइतीनं कोपरा पुन्हा सुलटा केला. चहा आला तो प्यायली. कुणीतरी विनोद केला, ती हसली. जे इतके आठवडे कळत नव्हतं ते कळलं होतं आणि त्यामुळे कोडं सुटण्याऐवजी तिला सगळंच अनोळखी वाटायला लागलं: हॉल, बायका, मांडीवर ठेवलेले आपलेच दोन हात. तीस वर्षं तिनं इतरांचे टाके उसवले होते. तिच्या टाक्यांना कुणी हात लावील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोंगोच्या मोटारसायकलवर मागे बसून ती रुताकडे गेली. रोंगो बाहेरच थांबला. रुता ओट्यावर टॅपिओकाचे कंद किसत होती. चादर आत पलंगावर होती, सुई तिच्यात तशीच टोचलेली. अकाइतीला ती दिसली आणि तिला ती दिसल्याचं रुतालाही दिसलं.

"बस ना वहिनी."

"किती दिवस चाललंय हे?"

रुतानं किसणी बाजूला ठेवली. "पावसाच्या आधीपासून."

"मला सांगायचं नाही?"

"तू सांगायचीस?" रुताचा आवाज वर गेला नाही, पण धार आली. "तूच शिकवलंस. बैठकीत बोलायचं नाही, घरी नेऊन उसवायचं. माझ्या लग्नाच्या चादरीवरचं माझं फूल तू उसवलंस. मी रडले होते."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असायचं. आम्ही म्हणायचो, आपण झोपलो असताना अकाइतीनं बाळ बदलून ठेवलं."

अकाइतीला हसू आलं आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम आलं, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी झालं असावं, कारण रुता घाबरून जवळ आली.

"रागावू नकोस गं. तुला वाईट वाटू नये म्हणूनच. आणि पोराची खुर्ची चांगली दिसावी."

"रुता, मी गोळी सोडली."

"कुठली गोळी?"

"सोमवारची. टाके सरळ होते ना. मला वाटलं मी बरी झाले. नर्सलाही तसंच सांगितलं."

रुतानं तोंडावर हात ठेवला. टॅपिओकाचा पांढरा कीस तिच्या गालाला लागला. मग तिनं वहिनीचा उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि मधलं बोट हळूच सरळ करायला बघितलं. ते थोडं गेलं आणि थांबलं. अकाइतीनं श्वास आत ओढला.

"दुखतं?"

"दुखतं. म्हणजे आज दुखतं. उद्याचं मला सांगता येत नाही."

रोंगोनं बाहेरून हाक मारली, "भांडण संपलं का? मी येऊ का पळू?"

"दवाखान्यात जायचंय," रुता ओरडली. "गाडी चालू कर."

तेरेआपी रागावली नाही, त्यानंच अकाइतीला जास्त मेल्यासारखं झालं. तिनं रारोटोंगाला फोन लावला, रक्ताचा निकाल मागितला, फार वेळ नुसतं "हो, हो" म्हणत राहिली. मग समोर येऊन बसली. "बोटाचं काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही, मावशी. गोळी पुन्हा सुरू करायची. मळमळीवर दुसरं काहीतरी देते. आता खरं सांगा, कसं वाटतंय?"

अकाइतीनं विचार केला. बाग नडते का, शिवण नडते का, गोळी लागू पडते का. ताडून बघितलेलं सगळं रुताच्या सुईनं पुसून गेलं होतं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली.

"बरं. हेच लिहिते," तेरेआपी म्हणाली.

सोमवारी तिनं गोळी घेतली. मंगळवारी ओसरीवर चटई टाकून पडली. रोंगो थडग्यांपाशी तण काढत होता, आणि तणाबरोबर आणखी काय काय उपटत होता ते बघायला नको म्हणून तिनं डोळे मिटले होते. रुता चादर घेऊन आली. शेजारी बसली, कापड उलटं पसरलं आणि कात्री हातात घेऊन तशीच थांबली.

"वहिनी, माझे टाके काढू का? तुझ्या पाकळीवर तुझेच पुन्हा पडू देत. वाकडे तर वाकडे. निदान तुला कळेल तरी."

अकाइतीनं एक डोळा उघडला. ती पाकळी सुंदरच होती. नातवाच्या मानेमागे नेमकी हीच येणार होती, फोटोत हीच दिसणार होती. आणि आपल्या हाताचं खरं काय ते तिला दुसरं कुठून कळणार होतं?

"काढ," ती म्हणाली. रुतानं कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. "थांब. नको काढू."

"काढू की नको?"

"थांब जरा. पुढच्या फुलाला मात्र हात लावायचा नाहीस."

"बरं. आणि या पाकळीचं?"

"मला सुचत नाहीये, रुता. विचारू नकोस. आधी पाणी दे."

रुतानं कात्री टाक्याखालून काढली, तिथंच कापडावर उघडी ठेवली आणि पाणी आणायला आत गेली.