माहेरचा टीव्ही, सासरच्या थापडा

मित्रांनो, मी एक जुना रंगीत टीव्ही आहे आणि मला माझा मालक मुळीच आवडत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी 'बिचारा' म्हणायला नको.

१९९३ साली सगुणाबाईच्या लग्नात तिच्या आईनं मला आंदण दिलं. देवळाली कॅम्पच्या बाजारात फुलं विकायची ती. टेम्पोत कपाटाशेजारी बसून मी एकलहऱ्याला, नाथाच्या घरी आलो. काय कौतुक व्हायचं माझं! क्रिकेटच्या दिवशी माणसं दाराबाहेरपर्यंत बसत. सगुणाबाईनं माझ्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं. रोज सकाळी मला पुसायची.

नाथाला मात्र एकच औषध ठाऊक. चित्र हललं, मार थापड. रेडिओ खरखरला, मार थापड. सगुणाबाईनं "आईला भेटून येऊ का?" विचारलं की डोळे असे वटारायचा की ती गुपचूप चुलीकडं वळायची. देवळालीची बस कोपऱ्यावरून सुटते हो! पण हा म्हणायचा, "दिवाळीला बघू." मेल्याची दिवाळी कधी आलीच नाही.

२००२ साली निरोप आला, आईनं अंथरूण धरलंय, लेकीची आठवण काढते. नाथा म्हणाला, "म्हातारी माणसं आजारी पडतातच. बघू."

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी माझ्यावर एक माहितीपट लागला. कुठल्याशा दूरदेशीच्या हुकूमशहाच्या बायकोवर. केवढा तो महाल, केवढे ते दागिने! बाई प्रत्येक फोटोत हसत होती, पण नवऱ्याच्या मागं उभी राहून. निवेदक आवाज घोगरा करून विचारत होता, "ही बाई महालाबाहेर का पडत नव्हती? सख्ख्या बापाच्या अंत्ययात्रेलाही का गेली नाही? हे गूढ अजून उकललेलं नाही."

नाथा पाय पसरून शेंगदाणे खात होता. "लय घमेंडी दिसते बाई," तो म्हणाला.

मेथी निवडणारी सगुणाबाई हसलीच. "ह्यात कसलं आलंय गूढ? तो जाऊ देत नसंल."

बोलली आणि मेथी निवडायची थांबली. जुडी तशीच हातात. मग उठली, पदराला हात पुसले.

"अहो, मी आईकडं चालले."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाय."

नाथानं हात उगारला. पण दार उघडं होतं, शेजारच्या लताबाई बघत होत्या, म्हणून तो हात माझ्यावर पडला. हात झडो त्याचा!

"त्याला मारू नका," सगुणाबाई उंबऱ्यातून म्हणाली. "माझ्या माहेरचा हाय तो." आणि चपला घालून गेली.

माझ्या पडद्यावर मुंग्या आल्या. नाथानं थापडांवर थापडा दिल्या. पूर्वी मी घाबरून चित्र द्यायचो. त्या दिवशी दिलं नाही, आजतागायत दिलेलं नाही.

लताबाई सांगत होत्या, म्हातारी लेकीच्या हातची पेज पिऊन, लेकीच्या मांडीवर शांतपणे गेली. सगुणाबाई आता आईच्या जागेवर बसून फुलं विकते. मला न्यायला आली नाही, वाईट वाटतं. पण ह्या घरात तिनं पुन्हा पाऊल टाकू नये, तेच बरं.

मी माळ्यावर आहे, अंगावर कांद्याचं पोतं. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी वस्तूंवर हात उगारत असेल, तर तो वेळीच धरा. वस्तूंवर थांबत नाही तो.

खाली नाथा आल्यागेल्याला सांगत असतो, "बाई अशी अचानक का गेली, काय कळत नाय बुवा. गूढच हाय सगळं."

गूढ म्हणे!