हप्त्यातली माया

घराच्या कर्जावरची व्याजाची सवलत महिनाअखेर संपणार होती. नवा दर निवडायला टेलरबाई इतक्या घाईने बँकेत आल्या की मापाची टेप गळ्यातच राहिली. सोबत आलेल्या नवरोबांनी तीन दरांची तुलना करून अख्खी वही भरली होती.

"थांबा हं," समोरची अधिकारी मुलगी म्हणाली. "तुम्ही सांगताय त्यापेक्षा कर्ज बरंच कमी राहिलंय. दर महिन्याला हप्त्याहून जास्त पैसे भरलेत कुणीतरी."

हप्ता भरायचं काम बाईंचं. नवरोबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"अहो, हाताची सवय," बाई ओशाळल्या. "शिवणीत आतून दोन बोटं कापड जास्तीचं सोडते ना, माया म्हणून? तसंच हप्त्यावर थोडं टाकत गेले. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

"ओरडतील कशाला?" मुलगीच खुर्चीतून उठली. "एवढं कमी कर्ज असलं की आमचा सगळ्यात स्वस्त दर मिळतो. पाच वर्षं वाढणार नाही!"

नवरोबांनी वही फटकन मिटली. "मग हप्ता कमी करा!"

"मुळीच नाही!" बाई मुलीकडे वळल्या. "हप्ता तेवढाच ठेव, बाळ. वर्षं किती वाचतात?"

"चार!"

बाईंचे डोळे लकाकले. सहीसाठी पेन उचललं आणि त्या थबकल्या. "यातही वर थोडं टाकलं तर दंड नाही ना?"

"नाही! वहीत लिहिलंय मी! टाक काय टाकायचं ते, मी अजिबात ओरडणार नाही!" नवरोबा अख्ख्या बँकेला ऐकू जाईल असे ओरडले.